किडा कुठून काढला

९ फेब्रुवारी २०२५

बाबा, जयभीम.

आणि नववी नापास म्हणायचं तर पुरं म्हणा. गणितात नापास. मराठीत मी वर्गात तिसरा होतो, हे तुमी कोणाले सांगत नाही. परवा फोनवर तुमी तेवढंच एक वाक्य बोलले अन् फोन मायच्या हाती दिला. म्हणून आता कागदावर भांडून राह्यलो. कागद मायच्या हाती देऊन काही फायदा नाही, तिले वाचता येत नाही. चश्मा लावा अन् तुमीच वाचा. तसाही इथं फोन फक्त वरच्या रस्त्यावर लागते, अन् तिथवर चढून जायचं ते तुमचं 'हं' ऐकाले, हे मले परवडत नाही.

दुसरी गोष्ट. 'किडे वेचाचा पगार घेते, उद्या उवा माराचा घेईन,' असं तुमी विहारासमोर बोलले, ते मले इथपर्यंत पोचलं. पगार बोगद्याच्या कामावर होता त्याच्यापेक्षा कमी आहे, खरं आहे. पण बोगद्यात दिवस कवा निघाला अन् कवा बुडाला ते कळत नव्हतं. इथं कळते.

काम असं आहे. हिमाचलातल्या या नदीवर पुढं धरण होणार. त्याच्या पहिले नदीत कायकाय जगते ते पाहून ठेवाचं काम एका संस्थेले भेटलं. मॅडम कलकत्त्याच्या आहेत, त्यांचं शिक्षणच पाण्यातल्या किड्यांचं. मी पाण्यात उभा राहून पायानं गोटे ढवळतो अन् खालच्या अंगाले जाळी धरतो. जे वाहून येईन ते जाळीत. मदनसिंग गाडी चालवते. हाच तो मानोऱ्याकडचा मदनसिंग, ज्याले तुमी 'पोरगं पळवणारा' म्हणता. जऊळक्याच्या ठेसनावर दोघांची तिकिटं मी काढली होती. कोणी कोणाले पळवलं ते तुमीच ठरवा.

आता विहिरीचं. दादा म्हणे, तुमच्या बालटीत दोऱ्यासारखा किडा निघाला, अन् तवापासून तुमी घरोघर सांगून राह्यले का नारू परत आला. म्हणे अर्जही तुमीच दिला, पुऱ्यातली विहीर बुजवा म्हणून. एक मेच्या ग्रामसभेत ठराव येणार. वर फरशीसारखे रंगीत गट्टू बसवतीन, सिमेंटचे बाकडे ठेवतीन, अन् ज्याले काम नाही तो त्याच्यावर बसन.

बाबा, नळ आठ दिवसाआड येते. मे महिन्यात तोही येत नाही. मग आपला सगळा पुरा घागरी घेऊन कोणाच्या वावरात जाईन? कोणाच्या तोंडाकडे पाहीन? ती विहीर आज्यानं अन् त्याच्या जोडीच्या माणसांनी काहून खोदली, हे मले शाळेत नाही शिकवलं, तुमीच शिकवलं. अन् आता तुमीच म्हणता बुजवा.

नारू या देशातून गेला, मी जन्मलो त्याच्याही पहिले. मॅडमले विचारलं. तुमाले लहानपणी झाला होता, आजीनं पोटरीतून रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळून काढला, तो डाग मले माहीत आहे. म्हणून तुमी भेता ते समजते. पण मले वाटते तुमी जे पाह्यलं ती लाल अळी आहे. मच्छरासारख्याच एका माशीची ती अळी, पण ती माशी चावत नाही. सुतासारखी बारीक, रक्तासारखी लाल. तळच्या गाळात राहते, जिथं हवा कमी असते, अन् जी थोडी असते ती अंगात धरून ठेवाले म्हणून लाल. पोटात गेली तरी काही करत नाही. ती दिसली याचा अर्थ विहिरीत गाळ झाला, काढा. बुजवा असा होत नाही.

तुमाले माह्या बोलण्याचा विश्वास नसन तर किडाच पाठवा. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली गरम पाण्यानं धुवा. केनवडच्या डॉक्टरकडून थोडं स्पिरिट आणा. त्याच्यात किडा टाका. अन् पेन्सिलीनं चिठ्ठी लिहून आतच टाका, किडा कुठून काढला. पेनानं नाही, पेन स्पिरिटात पसरते. एक मेच्या आत मॅडमच्या हातचा कागद तुमाले भेटन, तो ग्रामसभेत वाचून दाखवा.

मायले सांगा, थंडी आहे पण रजई दोन आहेत.

तुमचा लहाना,
अश्वजित


३ मार्च

बाबा,

उज्ज्वला वहिनीचं पत्र भेटलं. तुमचं उत्तर तिनं तुमच्याच बोलीत लिहिलं, एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. "त्याले म्हना, लय मोठा किडेवाला झाला. त्या इहिरीच्या पान्यावर माहे केस पिकले. लाल-पिवया मले सांगू नोको. मले जे दिसलं थे दिसलं. त्याले लांब शेपूट होतं. नारूच व्हय."

इथं मी अडलो. नारूले शेपूट नसते बाबा. तो सगळाच दोरा असतो. शेपूट आहे म्हणजे पुढं अंगही आहे. मग अंग कसं होतं? लाल होतं का? पाय होते का? तुमी सांगत नाही, नुसते खेकसता. पहिल्या पत्रात भांडून लिहिलं होतं त्याचं एक बरं झालं, तुमाले राग आला अन् उत्तर आलं.

पायाचं सांगतो. मॅडमनं मले पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं. जाळीत शंभर जीव वळवळत असतात, सगळे सारखेच दिसतात. त्याईचे पाय पाहायचे. सांध्याचे सहा पाय दिसले तर ती माशीची अळी नाही, तिले बाजूले टाका. माशीच्या जातीच्या अळीले खरे पाय नसतात. काहीले पोटाखाली मऊ गड्डे असतात, ते पाय नव्हेत. मी पहिला महिनाभर त्या गड्ड्यांनाच पाय म्हणत होतो. मॅडम ओरडत नाहीत. नुसतं चिमट्यानं उचलून पुन्हा माह्या ट्रेमध्ये ठेवतात. मदनसिंग म्हणते, "मास्तर बरे होते बे, मारत तरी होते."

अन् दुसरी गोष्ट जागेची. प्रत्येक अळीची जागा ठरलेली आहे. धारेत एक काळी अळी आहे, ती गोट्याले बूड चिकटवून उभी राहते अन् डोक्यावरच्या दोन झाडण्यांनी पाण्यातलं खाणं झाडून घेते. तिले डबक्यात टाकली तर मरते. मच्छराची अळी धारेत टाकली तर वाहून जाते. सगळ्यात जोराच्या पाण्यात, जिथं माहा पाय ठरत नाही, तिथं एक चपटी अळी भेटते, तिच्या पोटाले सहा चूषक, गोट्याले चिकटाच्या वाट्या, एका रांगेत. मॅडम तिच्यासाठीच इथं आल्या आहेत. ती भेटली का त्यांचं त्या दिवशी जेवणाकडे लक्ष नसते.

एकदा मले तशा चार भेटल्या. मी पळत गेलो. मॅडमनं विचारलं, "कहाँ से निकाला?" मी म्हटलं, वरून कुठून तरी. त्याईनं बाटली उघडली अन् नदीत ओतून दिली. म्हणाल्या, पत्त्याशिवाय किडा म्हणजे कचरा. मले लय राग आला. तीन दिवस बोललो नाही. आता मीच मदनसिंगले तसं म्हणतो, जवा तो चहात काही पडलं म्हणून दाखवाले आणते.

म्हणून पुन्हा लिहितो, चिठ्ठी टाका. विहिरीच्या वरच्या पाण्यातून का तळातून, का भिंतीवरच्या शेवाळातून. मदनसिंगचा मामेभाऊ रतनसिंग इकडं कामाले येऊन राह्यला. तो वाशिमवरून निघायच्या पहिले घरी येईन. बाटली त्याच्याजवळ द्या. त्याले चहा पाजा, बाकी काही विचारू नका, तो सगळं सांगत बसते.

अजून एक. मागच्या उन्हाळ्यात गाळ काढला होता का? मी इकडं आल्यापासून पहिलंच वर्ष होतं. दादाले फोनवर दोनदा विचारलं, तो सोयाबीनचा भाव सांगाले लागला.

अश्वजित


२१ मार्च

बाबा,

बाटली पोचली. संगं मायनं दिलेला ठेचा अन् जवसाची चटणीही पोचली. रतनसिंगनं ठेचा गाडीतच अर्धा केला होता.

चिठ्ठी नव्हती. रतनसिंग म्हणते, तुमी बाटली हातात देऊन एवढंच म्हटलं, "इहिरीतलेच व्हय म्हना." आता तसं तर तसं.

मॅडम दिल्लीले गेल्या आहेत, पण हा किडा पाहायले मॅडम नको. तुमी म्हटलं ते खरं आहे, शेपूट आहे. अन् मी म्हटलं ते खोटं आहे, लाल अळी नाही. दोघंही अर्धे अर्धे चुकलो. ही शेपटीवाली अळी. अंग मळकट पांढरं, बोटाच्या पेराएवढं, अन् मांगं शेपूट, ते ताणलं का अंगाच्या चार-पाच पट लांब होते, दुर्बिणीच्या नळ्या एकातून एक निघतात तसं. ते शेपूट नव्हेच, नाक आहे. अळी घाणीत तोंड खुपसून खात राहते अन् शेपटीचं टोक पाण्याच्या वर काढून हवा घेते. मोठी झाली का तिची मधमाशीसारखी दिसणारी एक माशी होते, ती फुलावर बसते. चावत नाही.

पण ही राहते कुठं, ते ऐका. नालीत, गोठ्याच्या मुताच्या डबक्यात, उकिरड्याच्या पाण्यात. तर ही तुमची नातेवाईकच निघाली. तुमच्या पहिलेची दोन लेकरं गेली म्हणून आजीनं तुमाले जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं अन् उकंडराव नाव ठेवलं. यमाले वाटावं, फेकून दिलेलं आहे, याले कोण नेणार. ही अळीही तशीच, तिले कोणी नेत नाही म्हणून जगते. हसा थोडं. मी हसलो.

आता हसण्याचं संपलं. ही अळी विहिरीत निघाली याचा अर्थ एकच होते. दादानं गेल्या वर्षी संडास बांधला, त्याचा खड्डा विहिरीकडे पाझरून राह्यला. मी दादाले तवाच म्हटलं होतं, खड्डा मांगच्या अंगाले घे. पाणी पिऊ नका, कोणालेही पिऊ देऊ नका. संडास बंद करा, खड्डा उपसा, दुसरीकडे हलवा. नारू नाही, पण पाणी खराब आहे. विहीर मात्र बुजवू नका. आधी पाझर बंद करा, मग गाळ काढा, मग पाहू.

हे पत्र दादाले वाचाले द्या. त्याले राग येईन. येऊ द्या.

अश्वजित


५ एप्रिल

दादा,

संडास चालू कर. आजच चालू कर.

वहिनीनं लिहिलं, माहं पत्र वाचून तू रागारागात संडासाच्या दाराले कुलूप लावलं, बाबाशी भांडला, अन् आता मायले या वयात पुन्हा अंधारात वावराकडे जावं लागते. ती परवा बांधावर घसरली. लागलं नाही म्हणते, पण माय लागलं असं कवा म्हणते?

चूक माही आहे. मॅडम दिल्लीवरून आल्या. मी मोठ्या तोऱ्यात बाटली दाखवली. शेपटीवाली अळी बरोबर ओळखली होती, त्याईनं मान हलवली. मग विचारलं, "कहाँ से निकाला?" मी म्हटलं, विहिरीतून. म्हणे, विहीर किती खोल? चाळीस फूट. पाण्यात उतराले पायऱ्या आहेत? नाही, सरळ कातळ आहे. पाणी किती? आता मार्चात दोन माणसं बुडतीन एवढं. मग मॅडमनं काडी घेऊन अळीचं शेपूट ताणलं अन् पट्टी लावली. वीतभरही नाही भरलं.

"तळाशी बसून ही हवा कशानं घेईन?" म्हणाल्या. "हिले वीतभर पाणी लागते, अन् त्यात घाण."

मी एवढा महिना तुमाले जागा लिहा, जागा लिहा म्हणून लिहून राह्यलो, अन् माह्या हाती बाटली आली तवा मीच जागा पाह्यली नाही. आपल्या विहिरीत ही अळी जगू शकत नाही दादा. तुह्या खड्ड्याचा पाझर विहिरीत नाही. दुसऱ्या कोणत्या रोगाचे जंतू आहेत का नाही ते किड्यावरून कळत नाही, त्याच्यासाठी पाणी बाटलीत भरून वाशिमले तपासाले दे. पण या किड्याचा अन् विहिरीचा संबंध नाही.

मग बाटलीत तो कुठून आला? ते मले कळलं आहे. ते मी बाबाले लिहीन. तू विचारू नको.

अन् मागच्या मे महिन्यात काय झालं ते वहिनीनं आता लिहिलं. तू सोयाबीनचा भाव सांगत होता तवा सांगता आलं असतं. मी काही लगेच रडत पळत आलो नसतो, तुले माहा स्वभाव माहीत आहे. पण माहीत असाले पाह्यजे होतं.

मायले तेल लावून दे.

अश्वजित


१३ एप्रिल

बाबा,

हे पाकीट वेगळं आहे, तुमच्याच नावाचं. वहिनीले वाचाले देऊ नका. अक्षर मुद्दाम मोठं काढलं, म्हणून पानं जास्त झाली.

उद्या जयंती. पुऱ्यात निळे झेंडे लागले असतीन, दादा मिरवणुकीच्या गाडीले वायर जोडत असन. इथं आमी तिघं आहो. रतनसिंग म्हणे जिलबी आणतो. त्याले खायले कोणतीही तारीख चालते.

रतनसिंगचंच सांगतो. मॅडम बोलल्या त्या दिवशी मी त्याले विचारलं, बाबानं किडे कुठून काढले, तू पाह्यलं का? तो गाडी धूत होता. म्हणाला, "पाह्यलं ना. लय भारी मानूस हाये तुहा बाप. मी गेलो तं न्हानीच्या मांगं जे पान्याचं डबकं हाये ना, तिथं उकिडवा बसला होता, चाहाची गाळनी घेऊन. मी म्हनलं, काका, मासोया धरता का? तं म्हने, नाई, लहान्यासाठी भाजी खुडून राह्यलो."

मी म्हटलं, मग?

"मंग काय, तुही माय आली. म्हने, अवो, माही गाळनी! आता चाहा कशात गाळू, तुमच्या धोतरात? तं काका म्हने, आज चाहा नोको. मंग मले तं बिनचाहाचंच वाटे लावलं बे." अन् माह्याकडे पाहून म्हणाला, "भाजी कुठं हाये? एकट्यानं खाल्ली का?"

म्हणजे त्याले काहीच समजलं नाही, अन् मी समजावलं नाही. तुमी न्हाणीमांगच्या डबक्यातून किडे काढले, विहिरीतले म्हणून पाठवले. जागा बरोबर निवडली होती. शेपटीवाली अळी आपल्या घरी कुठं भेटन ते मले विचारलं असतं तर मीही तेच डबकं सांगितलं असतं.

मी दोन दिवस रागात होतो. मले वाटलं, बाबाले बाकड्यावर बसाची हौस आली, का सरपंचानं काही कबूल केलं. मग वहिनीचं पत्र पुन्हा वाचलं.

तिनं असं लिहिलं. मागच्या मे महिन्यात गाळ काढाले घेतला. दरवर्षी पहिले तुमी उतरत होते, आपल्या घराचा मान तो. या वेळी गुडघ्यानं साथ दिली नाही म्हणून दादा उतरणार होता. उतराच्या पहिले दोराले कंदील बांधून तळाले सोडाचा, तो विझला तर आत हवा खराब, कोणी उतराचं नाही, हे तुमीच आमाले शिकवलं. कंदील होता. पण राशनचं घासलेट बंद होऊन किती वर्षं झाली, कंदील कोरडा पडला होता. म्हणून तुमी दोराले बॅटरी बांधून सोडली. तळाले उजेड लख्ख दिसत होता. तुमी म्हटलं, "उतर."

बॅटरीले श्वास घ्यावा लागत नाही बाबा.

दादा निम्म्याच्या खाली गेला अन् त्याच्या हातातला दोर सुटला. बायकांनी वरून बालट्या ओतल्या, पोरांनी निंबाचे डहाळे सोडून हवा हलवली, कमरेले दोर होता म्हणून ओढता आला. दवाखान्यात शुद्धीवर आला. गाळ तसाच राह्यला. अन् वहिनी म्हणते, त्या दिवसापासून मामाजी, म्हणजे तुमी, विहिरीच्या बाजूनं जात नाहीत, लांबून फेरा घालून विहारात जातात.

जो माणूस विहिरीवर जात नाही त्याच्या बालटीत किडा कसा निघन, हे कोणी तुमाले विचारलं नाही. मीही नाही विचारलं. मी शेपूट मोजत बसलो.

तुमाले नारूची भीती नाही. यंदाचा मे येऊन राह्यला, त्याची आहे. विहीर राह्यली तर गाळ काढावा लागन, गाळ काढाचा तर दादा म्हणन मीच उतरतो, तो मांगं सरणारा नाही. अन् तुमाले त्याले नाही म्हणता येत नाही, कारण नाही म्हटलं तर लोक विचारतीन काहून. मग बॅटरीचं बोलावं लागन. त्याच्यापेक्षा विहीरच नको. गट्टू बसले का कोणीच उतरणार नाही. हे मले समजलं. बरोबर आहे असं मी म्हणत नाही, समजलं एवढंच.

एक सांगतो. तिथं मी असतो तर मीही बॅटरीच बांधली असती. घासलेट नाही तर माणूस काय बांधन? बोगद्यात आमच्याजवळ हवा पाहाचं यंत्र होतं, हवा खराब झाली का ते केकाटते. एकदा ते केकाटलं नाही, सेल संपले होते, अन् आमी डोकं दुखाले लागलं तवा बाहेर पळालो. सायेबही आमच्याच संगं पळाला. त्याले कोणी काही म्हटलं नाही.

आता काय कराचं ते लिहितो. पटलं तर करा.

ग्रामसभेत तुमी अर्ज मांगं घ्या. म्हणा, किडा तपासून आणला, नारू नाही. मॅडमचा कागद संगं जोडला आहे, त्याच्यावर अळीचं नाव अन् 'साचलेल्या उथळ पाण्यातली' एवढंच लिहिलं आहे. न्हाणीचं नाव नाही. मीच नाही लिहू दिलं. लोक हसतीन, उकंडराव किड्याले भ्याला म्हणतीन. हसू द्या. नववी नापास पोरानं पकडला म्हणून सांगा, म्हणजे माह्यावर हसतीन, मले इथं ऐकू येत नाही. न्हाणीमांगचं डबकं मात्र बुजवा. बुजवाचंच आहे तर ते बुजवा.

गाळासाठी माणूस उतरवाचा नाही. वाशिमले गाळ ओढाचा पंप भाड्यानं भेटते. वरून पाइप सोडतात, पाणी मारून गाळ पातळ करतात अन् ओढून घेतात. मदनसिंगनं त्याच्या ओळखीच्याले फोन लावून विचारलं, आपल्या विहिरीत होते. दोन दिवस लागतीन. काही गोटे तळाले राहतीन, राहू द्या. त्याच्यासाठी आपल्या घरचं कोणी उतरत नाही अन् दुसऱ्याच्या घरचंही कोणी उतरवाचं नाही. गाळ निघाला का पाणी तपासाले द्या, मग प्या.

मी एक मेले येणार होतो, ते तुमाले मायनं सांगितलं असन. येत नाही. रजा होती, पण येण्याजाण्याचे जे बाजूले ठेवले होते ते पंपात गेले. खरं सांगू का, आलो असतो तर तुमच्यासमोर मले हे काहीच बोलता आलं नसतं. सोयाबीनचा भाव विचारला असता अन् परत आलो असतो.

एक काम माह्यानं होत नाही, ते तुमाले करावं लागन. दादाले मी लिहिलं, वहिनी बोलली, माय बोलली, तरी तो मे महिन्यात दोर काढनच. त्याले तुमचं 'उतर' ऐकू आलं होतं. 'उतरू नको' हे त्यानं तुमच्या तोंडून अजून ऐकलं नाही. पंप येईन त्या दिवशी सकाळी विहिरीवर जा, लांबून नाही, कठड्यापाशी, अन् सगळ्यांच्या समोर त्याले म्हणा. काहून ते नाही सांगितलं तरी चालन.

वहिनीच्या खात्यावर टाकून राह्यलो, पंपाचे अन् पाणी तपासाचे मिळून, अकरा हजार पाचशे.